अमेरिकी सीमेवरच्या कॅथलिक धर्मगुरूचा एक दिवस कसा लिहावा

दोन वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतील एका छोट्या सभागृहात महाविद्यालयीन मुलांच्या एकांकिकेची तालीम चालू होती, आणि तिच्यातील ऐतिहासिक तपशिलांची जबाबदारी मी मोठ्या आत्मविश्वासाने अंगावर घेतली होती. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत, वस्तीच्या पार टोकाला राहणारा एक कॅथलिक धर्मगुरू हा एकांकिकेचा नायक होता. तो अंथरुणातून उठतो, पत्र्याच्या मगमधून वाफाळती कॉफी पितो आणि मग मिस्सेसाठी, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेसाठी, वेदी मांडतो, असा पहिला प्रवेश आम्ही बसवला होता. तालमीला एका मुलीचे आजोबा येऊन बसले होते. मूळचे वसईचे, वय पंच्याऐंशीच्या पुढे. प्रवेश संपल्यावर ते शांतपणे म्हणाले, "सर, तुमच्या फादरनं कॉफी घेतली ना, आता आज त्याला मिस्सा करता येणार नाही." मी गोंधळलो, तेव्हा त्यांनी सांगितले की त्यांच्या लहानपणी मध्यरात्रीनंतर पाण्याचा थेंबसुद्धा चालत नसे, आणि सकाळी चूळ भरताना पाणी गिळलेस का, असे आई दरडावून विचारत असे.

एका मगाने आमचा सबंध प्रवेश मोडीत काढला. त्यानंतर या विषयावर कथा, एकांकिका, व्याख्यान किंवा एम. ए.चा प्रबंध लिहिणारे जे कोणी माझ्याकडे येतात, त्यांना मी एकच गोष्ट सांगतो: या माणसाचा दिवस प्रवचनापासून लिहायला घेऊ नये, पोटापासून घ्यावा. त्याचे विचार आणि त्याची श्रद्धा यांबद्दल पुष्कळ छापले गेलेले आहे. पण तो केव्हा उपाशी होता, त्याच्या पिशवीत किती वजन होते आणि वाचायला उजेड किती वेळ मिळत होता, हे ठरवल्याशिवाय त्याचा दिवस कागदावर उभा राहत नाही.

आधी दोन चित्रे पुसावीत

'अमेरिकन मिशनरी' हे शब्द कानावर पडताच मराठी वाचकापुढे जे चित्र येते ते बहुधा अहमदनगरचे असते. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ पासून नगरला स्थिरावले, १८४२ मध्ये त्यांनी 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केले. पत्नी, मुले, बंगला, शाळा आणि छापखाना असा त्यांचा मांडलेला संसार होता. ते प्रॉटेस्टंट होते. आपला नायक नेमका उलट बाजूचा आहे. तो अमेरिकेतून बाहेर गेलेला नसून बहुतेक वेळा युरोपातून अमेरिकेत आलेला आहे, अविवाहित आहे, आणि एखाद्या बिशपच्या किंवा संघाच्या आज्ञेत आहे. १९०८ पर्यंत रोमच्या दृष्टीने अमेरिकेची संयुक्त संस्थाने हा मिशनचाच प्रदेश होता. आपल्याकडील बरीचशी मिशने रोममधील ज्या कार्यालयाच्या अखत्यारीत होती, त्याच कार्यालयाच्या अखत्यारीत तेव्हाचे विस्कॉन्सिन आणि ओहायोही होते.

दुसरे चित्र 'सीमाभाग' या शब्दाचे. पुण्यात हा शब्द उच्चारला की समोरचा बेळगाव-निपाणीबद्दल बोलू लागतो. अमेरिकी सीमा ही दोन राज्यांमधली रेघ नव्हती. गोऱ्यांच्या वस्तीची ती सरकती कड होती. १७९० च्या दशकात ती केंटकीच्या जंगलात होती, १८३० च्या दशकात मिसिसिपी नदीच्या काठी, आणि १८४० नंतर रॉकी पर्वताच्या पलीकडे. जे मूलनिवासी समाज तिथे पिढ्यान्पिढ्या राहत होते त्यांच्या लेखी ती कड नव्हतीच, ते त्यांचे घर होते. न्यू मेक्सिकोत तर १५९८ पासून स्पॅनिश कॅथलिक वस्ती होती. म्हणून 'निर्जन रानात आलेला पहिला धर्मगुरू' हे वाक्य लिहिण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

एक माणूस, एक ठिकाण, एक ऋतू

सर्वसाधारण धर्मगुरू लिहिता येत नाही. मिलानहून आलेला, डॉमिनिकन संघाचा सॅम्युएल माझुकेली १८३० मध्ये ह्युरॉन सरोवरातील मॅकिनॅक बेटावर पोचला आणि पुढे विस्कॉन्सिन, इलिनॉय व आयोवा यांच्या सीमेवरील शिशाच्या खाणींच्या मुलखात त्याने चर्चमागून चर्च उभारले. आयरिश खाणकामगारांना त्याचे नाव नीट उच्चारता येईना, म्हणून त्यांनी त्याचे सरळ 'मॅथ्यू केली' करून टाकले. स्लोव्हेनियाचा फ्रेडरिक बरागा सुपीरियर सरोवराच्या काठी ओजिब्वे या मूलनिवासी लोकांमध्ये राहिला, त्यांच्या भाषेचे व्याकरण त्याने १८५० मध्ये आणि शब्दकोश १८५३ मध्ये छापला, आणि बर्फावरचे जाळीदार जोडे घालून केलेल्या पायपिटीमुळे तो त्या जोड्यांच्याच नावाने ओळखला गेला. बेल्जियमचा येशूसंघीय (जेझुइट) पिएर-जाँ द स्मेट १८४० मध्ये रॉकी पर्वताकडे गेला, त्या वर्षी ५ जुलैला ग्रीन नदीजवळ सापळे लावणारे शिकारी, व्यापारी आणि मूलनिवासी यांच्या मेळाव्यात त्याने मोकळ्या माळावर मिस्सा केली, आणि पुढच्या वर्षी सेलिश या मूलनिवासी लोकांच्या बिटररूट खोऱ्यात सेंट मेरीज हे मिशनचे ठाणे वसवले. फ्रान्सचा जाँ-बाप्तिस्त लामी १८५१ मध्ये बिशप म्हणून न्यू मेक्सिकोतील सांता फेला निघाला, वाटेत टेक्ससच्या किनाऱ्यावर त्याचे जहाज फुटले आणि बरेचसे सामान पाण्यात गेले.

या चौघांचे दिवस एकमेकांसारखे नव्हते. लामीचा तर पहिल्याच वर्षाचा मोठा हिस्सा एका कागदासाठी खर्ची पडला. सांता फेच्या स्थानिक धर्मगुरूंनी सांगितले की आमचे बिशप मेक्सिकोतील डुरांगोला आहेत, त्यांचे पत्र आल्याशिवाय आम्ही तुम्हाला ओळखत नाही. तेव्हा तो घोड्यावर बसून थेट डुरांगोला गेला. सरकारी कचेरीत 'वरून लेखी आणा' हे वाक्य ज्याने ऐकले आहे, त्याला हा प्रसंग रंगवण्यासाठी फार कल्पनाशक्ती लागणार नाही.

माणूस निवडताना आपल्याला कोणता ऋतू लिहायचा आहे हे आधी ठरवावे, कारण पुण्यातील लेखकाची पहिली चूक ऋतूतच होते. पुण्याचा हिवाळ्यातला लहानात लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा असतो. बरागाच्या लान्स या ठाण्यावर डिसेंबरात उजेड जेमतेम साडेआठ तास राहतो, आणि जूनमध्ये तो जवळजवळ पावणेसोळा तासांवर जातो. 'सकाळी सहा वाजता कोवळ्या उन्हात' हे शब्द तिथल्या जानेवारीत चालणार नाहीत. शिवाय १८८३ पूर्वी अमेरिकेत प्रमाणवेळ नव्हती, प्रत्येक गाव आपल्या माथ्यावरच्या सूर्यावर घड्याळ लावत असे. त्यामुळे मिनिटांचा हिशेब पात्रांच्या तोंडी घालू नये.

उपास, ब्रेव्हिअरी आणि उजेड

दिवसाचा सांगाडा तीन गोष्टींनी बनतो, आणि त्यांतल्या दोन धर्मगुरूच्या हातात नसतात. पहिली गोष्ट म्हणजे मध्यरात्रीपासूनचा कडक उपास. मिस्सा करणाऱ्या धर्मगुरूने आणि ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घेणाऱ्या भाविकानेही मध्यरात्रीनंतर अन्न किंवा पाणी घ्यायचे नाही, असा नियम होता. पाण्याला मुभा मिळाली ती १९५३ मध्ये. मिस्सा पहाटेपासून मध्यान्हापर्यंत करता येत असे. आता हे दोन नियम घोड्यावर बसवून पाहावेत. महिनोन्महिने धर्मगुरू न पाहिलेली वस्ती रविवारी सकाळी जमते. प्रत्येकाला मिस्सेआधी पापनिवेदन करायचे असते, म्हणजे धर्मगुरूला एकांतात आपली पापे सांगायची असतात. लोक रांगेत थांबतात आणि धर्मगुरू एकेकाचे ऐकत बसतो. मिस्सा सुरू होईपर्यंत सूर्य चांगला वर आलेला असतो, तिच्यानंतर बाप्तिस्मे, एखादे लग्न, एखाद्या जुन्या थडग्यावरची प्रार्थना, आणि या सर्वांनंतर पहिला घास. रात्रीच्या जेवणापासून मोजले तर सोळा-सतरा तासांचा निर्जळी उपास सहज होतो. आपल्याकडे निर्जळी एकादशी वर्षातून एकदा येते. या माणसाला ती आठवड्यातून अनेकदा येत असे आणि वर घोडाही हाकावा लागत असे.

एका दिवशी दोन वस्त्यांवर मिस्सा करायची असेल तर बिशपची परवानगी लागत असे आणि त्रास वाढत असे. मिस्सेच्या शेवटी चषक धुतलेला द्राक्षारस व पाणी धर्मगुरू एरवी पिऊन टाकतो. पण दुसरी मिस्सा बाकी असेल तर पहिलीत ते पिता येत नाही, कारण तेवढ्यानेही उपास मोडतो. एकांकिकेत हा एक क्षण नीट दाखवला, तर पाच मिनिटांच्या संवादाने जे साधत नाही ते साधते.

दुसरी गोष्ट ब्रेव्हिअरी. दिवसाच्या ठरलेल्या प्रहरांना म्हणायच्या लॅटिन प्रार्थनांचा हा ग्रंथ प्रत्येक धर्मगुरूवर बंधनकारक होता, आणि सबळ कारणाशिवाय त्या चुकवणे हे गंभीर पाप मानले जाई. पहाटेपासून रात्रीपर्यंतचे आठ भाग, स्तोत्रे, पाठ. सगळे मिळून तास-दीड तास सहज जातो. मठात हे प्रहर घंटेवर चालत. सीमेवर ते घोड्याच्या चालीवर, नावेत, किंवा शेकोटीच्या उजेडात चालत. ग्रंथ ऋतूंनुसार चार खंडांत असे, म्हणून प्रवासात चालू ऋतूचा खंडच पिशवीत ठेवणे शक्य होते. ज्यांच्या घरी आजोबा प्रवासातही संध्या चुकवत नसत, त्यांना या वाचनातील चिकाटी आणि त्यातली किंचित घाई दोन्ही समजतील.

तिसरी गोष्ट उजेड. तिच्याविषयी वर सांगितलेच आहे. लिहिणाऱ्याने आपल्या निवडलेल्या तारखेचा सूर्योदय व सूर्यास्त काढून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा आणि ब्रेव्हिअरीचे आठही भाग त्या उजेडात कुठे बसतात ते एकदा मांडून पाहावे.

खोगिराची पिशवी

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी पिशवी खरोखर भरायला लावतो. चपटा दगड, जाड पुस्तक, पितळी पेला, मेणबत्त्या, दोन बाटल्या, घडी केलेले जड कापड आणि कांबळे असे सगळे एका पिशवीत घालून ती खांद्यावर घेऊन पर्वतीच्या पायऱ्या चढून यावे. त्यानंतर 'धर्मगुरूने आपले थोडेसे सामान उचलले' असे वाक्य कोणी लिहीत नाही.

सामानातील सर्वांत नाजूक वस्तू म्हणजे वेदीचा दगड. मिस्सा कोणत्याही फळीवर, पेटीवर किंवा ओंडक्यावर करता येई, पण त्या फळीवर संतांच्या अवशेषांचे कण बसवलेला, बिशपने अभिषेक केलेला लहानसा सपाट दगड असावाच लागे. तो मोठा भंगला तर त्याचा अभिषेक संपतो. म्हणजे ओढा ओलांडताना खेचर पडले आणि दगडाचे दोन तुकडे झाले, तर धर्मगुरूला इजा झालेली नसली तरी नवा दगड मिळेपर्यंत मिस्सा बंद. कथानकाला वळण हवे असेल तर अस्वलापेक्षा आणि दरोडेखोरापेक्षा हा दगड अधिक उपयोगी आहे.

भाकरीचे तसेच. मिस्सेची भाकर गव्हाचीच हवी आणि द्राक्षारस द्राक्षांचाच, हा नियम मक्याच्या मुलखातही सैल होत नव्हता. वस्तीवरची माणसे रोज मक्याचे पीठ आणि खारवलेले डुकराचे मांस खात असली तरी धर्मगुरूला मूठभर गव्हाचे पीठ कोरडे सांभाळावे लागे, आणि ते पातळ भिजवून, लांब दांड्यांच्या चिमट्यासारख्या लोखंडी साच्यात दाबून, पापडाहून पातळ चकत्या भाजाव्या लागत. कडाक्याच्या थंडीत वेदीवरचे पाणी गोठे. मेणबत्त्या मधमाश्यांच्या मेणाच्या हव्यात, चरबीच्या चालत नसत. तीन पवित्र तेले चिमुकल्या धातूच्या डब्यांत असत. ती वर्षातून एकदा, ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी बिशपच्या हातून आशीर्वादित होत, म्हणून जुने तेल संपण्याआधी नवे मिळवणे हाही वर्षाच्या प्रवासाचा एक हेतू असे. शुक्रवारी मांस वर्ज्य. सरोवराकाठी मासळी मुबलक असल्याने बरागाला अडचण नसावी, पण जिथे वाळवलेल्या बायसनच्या मांसावाचून दुसरे काही नाही अशा माळरानावर खास सवलतच आवश्यक होती.

अंतर पायांनी मोजावे

नकाशावर बोट ठेवून प्रवास लिहिला की तो हटकून लवकर संपतो. ओझे लादलेला घोडा चालीने तासाला सहा किलोमीटरच्या आसपास जातो; दिवसभरात चाळीस-पन्नास किलोमीटर झाले तरी तो चांगला दिवस म्हणायचा, म्हणजे स्वारगेटहून निघून शिरवळच्या जवळपास मुक्काम. पायी असेल तर याहून कमी. ज्यांनी पालखीबरोबर आळंदीहून पुण्याला आणि पुढे दिवे घाट चढून सासवडला चालत जाण्याचा अनुभव घेतला आहे, त्यांनी आपल्या टाचांची आठवण वापरावी. मात्र वारीत पुढेमागे हजारो माणसे, अभंग आणि दर टप्प्यावर चहा असतो, तो सगळा या चित्रातून काढून टाकावा. तिथे बऱ्याचदा एक वाटाड्या असतो, आणि त्याच्याशी बोलायला तोडकीमोडकी फ्रेंच.

घर आणि चर्च बांधणे हाही दिवसाचाच भाग होता, याची आठवण ठेवावी. द स्मेटबरोबर १८४१ मध्ये दोन धर्मगुरू आणि तीन बंधू (धर्मगुरू नसलेले संघाचे सदस्य) गेले होते, आणि हाताला कारागिरी असलेल्या त्या बंधूंशिवाय ठाणे उभे राहिले नसते. आयडाहोतील कॅटाल्डो येथे कोर दलेन या मूलनिवासी लोकांनी आणि येशूसंघीयांनी १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला उभारलेले चर्च आजही आहे. इटालियन वैद्य-धर्मगुरू अँटोनिओ रावाली याने त्याचा आराखडा केला. लोखंडी खिळे नव्हते म्हणून लाकडी खुंट्यांनी सांधे जोडले आणि भिंती काठ्या-गवतावर माती लिंपून केल्या. इंग्रजी पुस्तकांत यासाठी एक लांबलचक शब्दप्रयोग येतो आणि मुले त्याचे विचित्र भाषांतर करतात. आपल्याकडे त्याला कूड म्हणतात. कोकणातले किंवा मावळातले जुने घर पाहिलेल्याला तो समजावून सांगावा लागत नाही.

शिकवण्यासाठी पाटी-पुस्तक नसे तेव्हा काय करत, याचे एक सुंदर उदाहरण ऑरेगनचे आहे. १८३८ च्या नोव्हेंबरात फोर्ट व्हँकुव्हरला पोचलेल्या फ्रांस्वा ब्लाँशे याने पुढच्या वर्षी एका चपट्या काठीवर काळाची शिडी कोरली: ख्रिस्तापूर्वीच्या चाळीस शतकांसाठी चाळीस रेघा, ख्रिस्ताच्या आयुष्यासाठी तेहतीस ठिपके आणि क्रूस, मग अठरा शतकांसाठी अठरा रेघा आणि चालू १८३९ सालापर्यंतचे एकोणचाळीस ठिपके. व्याख्यान द्यायचे असेल तर अशी काठी करून न्यावी. मी रिकाम्या झाडूच्या दांड्यावर मार्करने केली होती आणि श्रोत्यांना भाषणापेक्षा तीच अधिक लक्षात राहिली.

नोंदवहीतून प्रवास काढणे

या दिवसाचा सर्वांत विश्वासू साक्षीदार म्हणजे बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही. ती कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच खरी आहे. नोंद बहुधा ठरावीक लॅटिन साच्यात असते: तारीख, मग 'एगो इन्फ्रास्क्रिप्तुस बाप्तिझावी', म्हणजे 'खाली सही करणाऱ्या मी बाप्तिस्मा दिला', मग बाळाचे नाव, आईवडील, धर्ममातापिता आणि सही. नावे लॅटिन रूपात येतात. जेम्सचा याकोबुस होतो, चार्ल्सचा कारोलुस, आणि आयरिश शेतकरी कागदावर एकदम रोमन सरदार वाटू लागतो.

अशी वही वाचताना एकेक नोंद भाषांतरित करत बसू नये. फक्त तारीख, ठिकाण आणि नोंदींची संख्या असे तीन रकाने करावेत. समजा एका ठिकाणी एकाच दिवशी अकरा बाप्तिस्मे आहेत, मग सहा दिवस काहीच नाही, आणि सातव्या दिवशी साठ मैलांवर चार आहेत; तर ते कोरे सहा दिवस म्हणजे प्रवास, नदीचा पूर किंवा आजारपण. बाळांची वये पाहावीत. एका कुटुंबातील पाच वर्षांचे, तीन वर्षांचे आणि चार महिन्यांचे अशी तीन मुले एकाच दिवशी बाप्तिस्मा घेत असतील, तर त्या वस्तीवर पाच वर्षांत धर्मगुरू फिरकलेला नसावा. दफनाच्या नोंदी एकाच उन्हाळ्यात दाटल्या असतील तर पटकीचे वर्ष तपासावे. १८३२-३३ आणि १८४९ या वर्षांत पटकीने अमेरिकेतील नदीकाठच्या वस्त्या झोडपल्या आणि रोग्यांजवळ जाणारे अनेक धर्मगुरूही तीत गेले.

असा सराव पुण्यात बसून करता येतो. नाना पेठेतील सिटी चर्चला पेशवाईत, १७९२ मध्ये जागा मिळाली. अशा जुन्या धर्मग्रामांच्या फादरांना रीतसर पत्र देऊन, अभ्यासाचा हेतू स्पष्ट करून, जुन्या नोंदवहीचा साचा तरी पाहण्याची विनंती करता येते. रविवारी सकाळी मिस्सेच्या गर्दीत जाऊन विचारू नये. नगर रस्त्यावर रामवाडीला ज्ञानदीप ही कॅथलिक धर्मशिक्षणाची संस्था आहे, शेजारीच १९५५ मध्ये श्रीलंकेतील कँडीहून हलवलेली पेपल सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारी संस्था आहे; लॅटिन अडली तर तिथे अर्थ सांगणारे भेटू शकतात. द स्मेटची पत्रे १९०५ मध्ये चार खंडांत छापली गेली आणि ती इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचता येतात.

पत्रे वाचताना पत्ता पाहावा

पत्रांमध्ये रंग असतो, संवाद असतात, वादळे असतात. त्यामुळे नवखा लेखक त्यांच्या आहारी जातो. प्रत्येक पत्राआधी ते कोणाला लिहिले आहे हे पाहावे. ल्योंमध्ये १८२२ मध्ये, व्हिएन्नामध्ये १८२९ मध्ये आणि म्युनिकमध्ये १८३८ मध्ये मिशनांसाठी वर्गणी गोळा करणाऱ्या संस्था निघाल्या, आणि सीमेवरून आलेली पत्रे त्या आपल्या नियतकालिकांत छापत. युरोपातील शिंपी, मोलकरीण किंवा लहान दुकानदार ते वाचून दर आठवड्याला एक नाणे देई. असे पत्र खोटे असते असे नाही, पण ते काय निवडते याचा विचार करावा: त्यात संकट असते, बाप्तिस्म्यांचे आकडे असतात, कृतज्ञ अश्रू असतात, दाढदुखी, सहकाऱ्याशी झालेले भांडण आणि न फेडलेले दुकानाचे बिल नसते. या गोष्टी बिशपला किंवा वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रांत आणि रोजनिशीत सापडतात. मी एकाच महिन्यातील दोन पत्रे शेजारी ठेवून वाचतो, एक वर्गणीदारांना आणि एक वरिष्ठांना, आणि दोघांत जे वेगळे आहे त्यावरच दिवस उभारतो. गणेशोत्सवाच्या मंडळाचा छापील अहवाल आणि खजिनदाराची वही या दोन्ही ज्याने पाहिल्या आहेत, त्याला यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही.

चित्रेही वापरावीत. द स्मेटच्या सोबत गेलेल्या निकोला प्वाँ या फ्रेंच येशूसंघीयाने सेलिश आणि कोर दलेन लोकांच्या जीवनाची अनेक चित्रे काढली; त्यांतील घोड्यांचे सामान, तंबूंची ठेवण आणि कपडे शब्दांपेक्षा लवकर उलगडतात.

चौकटीबाहेरची माणसे

दिवस धर्मगुरूच्या नजरेतून लिहिला तरी त्याची चूल कोण पेटवत होते हे विचारावे. मेरीलँडहून येशूसंघीयांची जी तुकडी १८२३ मध्ये मिसुरीतील फ्लोरिसाँला गेली, तिच्यात तरुण द स्मेट होता आणि तिच्याबरोबर गुलाम म्हणून नेलेली तीन जोडपीही होती. त्यांची नावे नोंदलेली आहेत: थॉमस आणि मेरी ब्राउन, मोझेस आणि नॅन्सी क्वीन, आयझॅक आणि सुझॅना हॉकिन्स. त्या ठाण्यावरच्या दिवसात पाणी, लाकूड आणि शेत यांची वाक्ये लिहिताना कर्ता गाळून 'पाणी भरले गेले' असे लिहू नये.

मूलनिवासींबाबतही तसेच. सेलिश लोकांनी १८३१ ते १८३९ या काळात चार वेळा आपली माणसे सेंट लुईसला पाठवून काळ्या झग्याच्या माणसांची, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंची, मागणी केली होती. त्यांना त्यातून काय हवे होते आणि प्रत्यक्षात काय मिळाले, यांत अंतर पडले. सेंट मेरीज हे ठाणे १८५० मध्ये विकून बंद करावे लागले, आणि ते १८६६ मध्ये पुन्हा सुरू झाले. त्यांची मुले आपल्या भाषेपासून तोडणाऱ्या निवासी शाळांचा इतिहासही याच मिशनांना चिकटलेला आहे. एका दिवसाच्या लिखाणात हे सगळे मावणार नाही, पण धर्मगुरूसमोर बसलेला माणूस केवळ मान हलवणारा नसावा, एवढे तरी पाळावे.

एक नमुना

मी मुलांना जो नमुना देतो तो शिशाच्या खाणींच्या मुलखातला, १८४० च्या दशकातील नोव्हेंबरातल्या एका रविवारचा, आणि तो कल्पित आहे. उजेड जेमतेम पावणेदहा तास. धर्मगुरू एका आयरिश खाणकामगाराच्या ओंडक्यांच्या घरात, चुलीशेजारी जमिनीवर झोपलेला आहे. अंधारातच तो उठतो, चूळ भरून पाणी टाकून देतो, निखाऱ्यांच्या उजेडात ब्रेव्हिअरीचा पहिला भाग वाचतो; यजमानीण कॉफी उकळते, तिचा वास खोलीभर पसरतो आणि ती ओशाळून भांडे झाकते. उजाडताना लोक येऊ लागतात. जेवणाच्या मेजावर दगड, त्यावर कापड, दोन मेणबत्त्या. पापनिवेदने दहापर्यंत चालतात, कारण एका म्हाताऱ्याला फक्त गेलिक येते आणि मधे त्याच्या सुनेला बसवता येत नाही. मिस्सा लॅटिनमध्ये, प्रवचन इंग्रजीत, पण इटालियन वळणाचे. तीन बाप्तिस्मे. पहिला घास दुपारी एकच्या सुमारास: मक्याची भाकरी, डुकराचे मांस, गार झालेली कॉफी. तीन वाजता निघण्याची तयारी, तेवढ्यात बारा मैलांवरून एक मुलगा घोड्यावर येतो. त्याच्या वडिलांवर खाणीचे छप्पर कोसळले आहे. सूर्यास्ताला दीड-दोन तास उरलेत आणि ब्रेव्हिअरीचे दोन भाग राहिले आहेत. ते तो घोड्यावर, दिसेनासे होईपर्यंत वाचतो आणि उरलेली स्तोत्रे पाठ म्हणतो. माझुकेली स्वतः फेब्रुवारी १८६४ मध्ये अशाच आजाऱ्यांच्या भेटींनंतर न्यूमोनियाने गेला. म्हणून हा प्रवास लिहिताना कोट, ओले मोजे आणि खोकला यांची नोंद ठेवावी.

नमुन्यात प्रवचन एका ओळीत संपते. मुले दर वेळी ते वाढवतात आणि मी दर वेळी ते कापतो.

मसुदा कोणाला दाखवावा

मसुदा तयार झाला की तो इतिहासाच्या प्राध्यापकाआधी अशा माणसाला दाखवावा ज्याने जुने नियम अंगावर घेतले आहेत. पुण्यात कॅम्पात, नाना पेठेत, येरवडा-वडगाव शेरीच्या बाजूला अशी कॅथलिक घरे आहेत जिथे १९५३ पूर्वी पहिले ख्रिस्तशरीर घेतलेली माणसे आहेत, पण ती सगळी आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत. आधी फोन करून, सकाळच्या मिस्सेनंतर, नाश्ता झाल्यावर जावे. उपास, लॅटिन मिस्सा, पापनिवेदनाची रांग, शुक्रवारचे जेवण एवढ्याच जागा आधी वाचून दाखवाव्यात आणि मधे बोलू द्यावे. आपल्याला हवी असलेली दुरुस्ती बहुधा विषयांतरातच येते. मसुदा मोठ्या टायपात छापून न्यावा.